कडक बिअर, फूटी आणि शैलाताई

शनिवारी सकाळी शैलाताई गोतमाऱ्यांच्या घरी जायचं तर एक नियम होता. ऑस्ट्रेलियाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तिथली हवा, तिथलं क्रिकेट, तिथले कांगारू, काहीच नाही.

मला हे माहीत नव्हतं. कॅनडात ग्वेल्फला आम्ही घर घेतलं त्याला जेमतेम आठवडा झाला होता. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या टाउनहाउसवर मराठीत 'गोतमारे' अशी पाटी दिसली, तेव्हा माझी बायको मुग्धा म्हणाली, "चल, ओळख करून येऊ." दार उघडलं एका उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी. आम्ही नाव सांगायच्या आतच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "फूटीचा रिझल्ट पाह्यला का तुम्ही?"

"कशाचा?"

"मंग या आत."

आत टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून एक बाई बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, बॉबकट, गळ्यात जुनाट लोकरी मफलर, मांडीवर तर्री-पोह्यांची बशी. पडद्यावर बिनबाह्यांचे बनियन घातलेले धिप्पाड लोक एका अंडाकृती मैदानावर अंडाकृती चेंडूमागे धावत होते. हीच फूटी, ऑस्ट्रेलियातला फुटबॉल. बाईंनी आमच्याकडे न बघता हातानेच बसायची खूण केली. "पाच मिनिटं थांबा बावा. आपले पोट्टे मागे पडून राहिले."

ही आमची शैलाताईंशी पहिली भेट. पाच मिनिटांची चाळीस झाली. तेवढ्यात आम्हाला पोहे मिळाले, चहा मिळाला आणि मधल्या सुट्टीत आमची नावं विचारली गेली. मुग्धाने त्यांना 'काकू' म्हटलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नीट वळून पाहिलं. "काकू म्हणशील तर पोहे परत घेईन. ताई म्हण."

मेलबर्नमध्ये शनिवारी दुपारी सामने होतात तेव्हा ग्वेल्फमध्ये शुक्रवारची रात्र असते. शैलाताई झोप मोडत नसत. शनिवारी सकाळी आंघोळ करून त्या रेकॉर्डिंग बघत, जणू सामना आत्ताच सुरू आहे अशा थाटात. अडचण एवढीच होती की त्यांचे यजमान, म्हणजे दार उघडणारे गोतमारेभाऊ, पहाटे उठत आणि फोन उघडला की निकाल त्यांना दिसून जाई. मग तीन तास त्यांना चेहरा कोरा ठेवावा लागे. "पण ते चहात सापडतात," शैलाताई सांगत. "आपले पोट्टे हरले असले की हा माणूस चहात आलं जास्त घालते. दया येते त्याले माझी." पुढच्या शनिवारी भाऊ आलं मोजून घालत, आणि तरी पकडले जात.

शैलाताई मूळच्या नागपूरच्या. सूक्ष्मजीवशास्त्र शिकल्या, लग्नानंतर संशोधनासाठी मेलबर्नला गेल्या, तिथे बरीच वर्षं राहिल्या आणि मग ग्वेल्फमध्ये अन्नसंशोधनाच्या एका प्रयोगशाळेत यीस्टवर काम करायला आल्या. एवढं त्यांचं चरित्र मला माहीत आहे आणि तेवढं पुरे आहे. फूटीचं वेड कुठून लागलं हे मात्र मी विचारलं होतं.

"मेलबर्नमध्ये पहिले सहा महिने मी कोणाशी बोललेच नाही," त्या म्हणाल्या. "इंग्रजी येत होतं रे, पण माझं मलाच हळू ऐकू यायचं. आमची घरमालकीण म्हातारी होती. एक दिवस म्हणाली, चल माझ्यासोबत. मैदानावर नेलं. खेळ काही समजला नाही. पण आजूबाजूचे सगळे ओरडून राहिले होते, मीही ओरडले. मोठ्याने. मराठीत! आणि कोणी वळून पाहिलं नाही. त्या देशात मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले ते तिथे."

म्हातारीचा संघ तोच त्यांचा संघ झाला. संघाचं नाव त्या कधी घेत नसत, 'आपले पोट्टे' एवढंच. पोट्टे बहुतेक वेळा हरत. दर मार्च महिन्यात नवा सीझन सुरू झाला की शैलाताई म्हणत, "यंदा बचावफळी चांगली आहे." ऑगस्ट आला की बचावफळीबद्दल कोणी बोलायचं नसे. हरण्याचं त्यांना अजिबात वाईट वाटत नसे असं नाही. पण त्यांना त्या खेळातला एक कायदा फार आवडायचा, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या तो समजावून सांगत. प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर नेम चुकला, पण एक गुण मिळतो. "जगात दुसरा असा खेळ दाखव बरं मला," त्या म्हणत, "ज्यात चुकल्याबद्दल मार्क देतात!"

शनिवार फूटीचा, तशी रविवारची दुपार बिअरची. आणि बिअर म्हणजे कडक बिअर. त्यांच्या बेसमेंटमध्ये स्टीलची पिंपं, नळ्या, काचेचे बुधले असा संसार मांडलेला होता. दहा-बारा टक्क्यांच्या काळ्याभोर स्टाउट, वर्षभर मुरवलेल्या बार्लीवाइन. नाव वाइनचं असलं तरी ती बिअरच, गुळाच्या पाकासारखी दाट. पेला मात्र त्या छोटा देत, सोलकढीच्या वाटीएवढा. पहिला पेला तासभर पुरवायचा हा नियम. दुसरा फक्त चालत घरी जाणाऱ्याला. आम्ही शेजारी असल्यामुळे त्या बाबतीत भाग्यवान होतो.

"तहान लागली तर नळ आहे," त्या सांगत. "बिअर तहानेसाठी नाही. गप्पांसाठी." हलक्या बिअरबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं: "पाण्याला आपण बिअर असल्याचा आलेला नुसता संशय." एकदा मी कौतुकाने एका टॅपरूममधून, म्हणजे स्वतःची बिअर बनवून तिथेच विकणाऱ्या दुकानातून, आंब्याची बिअर आणली. त्यांनी एक घोट घेतला, पेला माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "आंबा आला तर मला आंबाच दे ना रे. त्याला कशाला पाण्यात उभं करतो?" संत्र्यांच्या गावच्या असून त्यांनी बिअरमध्ये कधी संत्र्याची सालसुद्धा घातली नाही. ज्वारीचा प्रयोग मात्र केला होता. इंडियन ग्रोसरीतून पोतं आणून, मोड आणून, वाळवून, शिजवून. जे झालं त्याचा पहिला घोट घेऊन त्यांनी पिंप उचलायला मला हाक मारली. सगळी मोरीत गेली. "ज्वारी भाकरीची आहे," त्या म्हणाल्या. "तिचा छळ केला मी."

गंमत म्हणजे या घरातला दुसरा माणूस दारूच्या थेंबालाही शिवला नव्हता. भंडाऱ्याजवळच्या खेड्यात भाऊंच्या वडलांनी दारूपायी घराची धूळधाण केली होती, आणि मोठ्या मुलाने, म्हणजे भाऊंनी, शाळा सोडून शहरात जाताना आईला शब्द दिला होता. तो त्यांनी मेलबर्नमध्ये पाळला, ग्वेल्फमध्येही पाळला. शैलाताईंना टॅपरूमला न्यायचं, दोन तास सोडा पीत बसायचं आणि बर्फातून गाडी चालवत परत आणायचं, हे काम ते बिनतक्रार करत. मुग्धाने एकदा विचारलं, "भाऊ, तुम्हाला बोअर नाही होत?"

"ते बोलते," भाऊ म्हणाले, "मी आयकतो. घरी तं तिले एवढा टाइमच नसते."

गावातल्या मराठी मंडळात शैलाताईंबद्दल कुजबुज होतीच. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी तिळगूळ देता देता गोड आवाजात विचारलं, "तुम्ही घेता म्हणे?"

"घेते ना," शैलाताई म्हणाल्या. "पण जास्त करून बनवते. पुढच्या रविवारी या. एकाच वाटीत तीन तास गप्पा होतात." त्या बाई खरंच आल्या. आता त्यांच्याकडे स्वतःचं पिंप आहे.

आमच्या भागात हौशी फूटीची एक छोटी लीग होती. थोडे ऑस्ट्रेलियन, थोडे आयरिश, बाकी रग्बीला कंटाळलेले कॅनेडियन. ग्वेल्फच्या संघाचा कप्तान डॅरेन नावाचा एक सुतार होता. लाल दाढी, दाराएवढा रुंद. शैलाताई उन्हाळ्यात घडीची खुर्ची घेऊन मैदानावर जायच्या आणि त्यांचा आवाज पलीकडच्या रस्त्यावर ऐकू यायचा. एका शनिवारी गोल अंपायर आलाच नाही. चार खांबांमागे उभं राहून गोल झाला की नुसता नेम चुकला हे ठरवायचं, गोल झाला तर दोन बोटं दाखवून दोन पांढरे झेंडे हलवायचे, चुकला तर एक बोट आणि एक झेंडा, असं त्याचं काम. डॅरेनने खुर्चीतल्या बाईंकडे पाहिलं. शैलाताईंनी गाडीतून प्रयोगशाळेतला पांढरा कोट काढून अंगात घातला, झेंडे घेतले आणि खांबांमागे जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्यांची खुर्ची घरीच राहिली. ओरडणंही बंद झालं. "अंपायरला बाजू नसते रे," त्या म्हणाल्या. घसा मोकळा करायला शनिवारची सकाळ होतीच.

दोन वर्षांनी ग्वेल्फचा संघ फायनलला पोहोचला. समोर ब्रॉसार्डचा संघ होता, मॉन्ट्रियलच्या पलीकडून सबंध बस करून आलेला. आम्ही सगळे गेलो होतो. शेवटचं मिनिट, आपण चार गुणांनी मागे, आणि चेंडू डॅरेनच्या हातात. त्याने पन्नास-एक पावलांवरून लाथ मारली. चेंडू उंच गेला, वाकला आणि दोन उंच खांबांच्या बरोबर मधून, ब्रॉसार्डच्या उडी मारलेल्या एका खेळाडूच्या हातांवरून पलीकडे पडला. मैदानावर आरडाओरडा झाला. डॅरेन गुडघ्यांवर बसला, चार जण त्याच्या अंगावर पडले. मी मुग्धाला मिठी मारली.

शैलाताई एक बोट वर करून उभ्या होत्या.

फायनल होती, ग्वेल्फची होती, तो त्यांचाच संघ होता. चेंडू रेषा ओलांडायच्या आधी कोणाचा हात लागला तर गोल होत नाही, एकच गुण मिळतो. त्यांनी एक झेंडा उचलला, हलवला आणि खाली केला. डॅरेन धावत आला. त्याचा चेहरा दाढीपेक्षा लाल झाला होता. "नोबडी टच्ड इट! शैला! कोणी हात लावला?"

"टच्ड," शैलाताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, एक पाऊल मागेही घेतलं नाही.

आपण तीन गुणांनी हरलो. त्यानंतर सगळे टॅपरूमला गेले, शैलाताईही गेल्या. त्यांच्या टेबलाशी कोणी बसलं नाही. आम्ही तिघं आणि त्या. भाऊ सोडा पीत होते. मी न राहवून विचारलं, "ताई, नक्की ना?"

"करंगळी लागली त्याची," त्या म्हणाल्या. "चेंडूचं फिरणं बदललं." मग पेल्याकडे बघत बसल्या. "मला काय आनंद झाला का रे? मीही दोन वर्षं उभी आहे त्या खांबांमागे." त्यांचे डोळे भरले होते. भाऊंनी खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला, त्यांच्या हाताशी, आणि दुसरीकडे बघू लागले.

डॅरेन पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तरी सरावाच्या दिवशी शैलाताई कोट घालून मैदानावर हजर असत. थंडी पडायच्या आधी तो एकदा आमच्या रस्त्यावर आला. गोतमाऱ्यांच्या पायऱ्यांची एक फळी सैल झाली होती, ती त्याने कोणी न सांगता ठोकून बसवली. मग हातोडी पिशवीत टाकत म्हणाला, "ब्रॉसार्डवाल्यांचा फोन होता. पुढच्या सीझनला त्यांच्याकडे मॅच आहे. ते म्हणतात, दुसरा गोल अंपायर नको, त्याच बाई पाहिजेत." ब्रॉसार्डची मंडळी त्यांना फ्रेंचमध्ये 'मादाम द्रापो' म्हणत, झेंडेवाल्या बाई. शैलाताईंनी त्याला आत बोलावून बार्लीवाइनची बाटली उघडली. मुरलेली, जपून ठेवलेली. करंगळीचा विषय दोघांनीही काढला नाही. पोट्ट्यांची बचावफळी पुढच्या वर्षी कशी असेल यावर दीड तास बोलले.

मग साथीचा तो हिवाळा आला. आजार घरोघरी फिरला, आमच्याकडे आला, त्यांच्याकडेही आला. ताप उतरला, खोकला गेला, सगळे कामाला लागले. मार्चमधल्या एका रविवारी शैलाताईंनी नेहमीसारखे छोटे पेले भरले. काळी स्टाउट. मी उचलणार तेवढ्यात मुग्धा, जिचं नाक चांगलं तिखट आहे, पटकन बोलून गेली, "ताई, ही आंबलीय का? व्हिनेगरचा वास येतोय."

शैलाताईंनी पेला नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग एक घोट घेतला. "हो का?" एवढंच म्हणाल्या.

बेसमेंटमध्ये हीटरचा आवाज येत होता. भाऊ पायरीवर बसले होते, तिथून म्हणाले, "सांगून टाक आता."

शैलाताईंना वास येईनासा झाला होता. आजारापासून, पूर्ण. चवही जवळजवळ नव्हतीच. गोड, खारट एवढंच जिभेला कळे, बाकी सगळं कोरं. प्रयोगशाळेत चव घेऊन तपासणाऱ्या मंडळींतून त्यांनी स्वतःचं नाव आपणहून काढून घेतलं होतं. घरी मात्र दर रविवारी त्या पेले भरत राहिल्या होत्या, आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघत राहिल्या होत्या.

"पोह्याची फोडणी जळली तरी समजत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या रेवाचा फोन आला, तिलाही नाही सांगितलं." रेवा त्यांची मुलगी, व्हँकुव्हरला सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सचं काम करते. "आणि ते टॅपरूमवाले! त्यांना काय तोंड दाखवू?"

टॅपरूमची गोष्ट आम्हाला माहीत होती. गावातल्या त्या छोट्या टॅपरूमच्या मालकाने शैलाताईंची बार्लीवाइन चाखून त्यांना विचारलं होतं, आमच्या मोठ्या टाकीत हीच एकदा बनवाल का, डिसेंबरसाठी? इतकी वर्षं बेसमेंटमध्ये वाटीवाटीने दिलेली त्यांची बिअर पहिल्यांदा अनोळखी माणसांपुढे जाणार होती. त्यांनी हो म्हटलं होतं. एप्रिलमध्ये काम सुरू करायचं होतं.

"नाही म्हणून कळवते उद्या," शैलाताई म्हणाल्या. "आंधळ्याने चित्र काढू नये."

भाऊ पायरीवरून उठले. टेबलापाशी आले. आयुष्यात त्यांनी असला पेला हातात धरलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी तो उचलला, मिशांखाली धरला आणि डोळे मिटून वास घेतला. शैलाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"मले लोणच्याच्या बरणीचा वास येते," भाऊ म्हणाले. "तळाशी उरलेल्या. आन् त्याच्या मागं जळका गूळ." त्यांनी पेला खाली ठेवला. "प्यायचा नाही म्हणून शब्द देल्ला हाय मायले. हुंगाचा नाही असं कुठं म्हटलं होतं?"

शैलाताई हसल्या. इतक्या जोरात की डोळ्यांत पाणी आलं. मग हसणं थांबलं, पाणी थांबलं नाही.

एप्रिलमध्ये काम सुरू झालं. टॅपरूमच्या मागच्या शेडमध्ये दोघं जात. शैलाताई टाकीचं तापमान बघत, यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघत, आणि भाऊ हुंगत. त्यांना बिअरची भाषा येत नव्हती. त्यांच्याकडे खेड्यातलं घर होतं, गोठा होता, आईचं स्वयंपाकघर होतं. एका दिवशी म्हणाले, "आज लोणी कढवल्यावर बेरी उरते ना, तसा येऊन राहिला." शैलाताई ताडकन उठल्या. "बेरी? नक्की बेरी? तूप नाही?" "बेरी." त्यांनी टाकी दोन दिवस थोडी गरम ठेवायला सांगितली, यीस्ट तो वास आपला आपण खाऊन टाकतं म्हणे. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "गेली बेरी." टॅपरूमचा मालक हे सगळं बघत होता. त्याने इंग्रजीत मला विचारलं, "बेरी म्हणजे स्ट्रॉबेरी का?"

सगळंच सुरळीत झालं असं नाही. मधे एकदा भाऊंना सर्दी झाली तर शैलाताईंनी घर डोक्यावर घेतलं. एकदा त्यांच्यात कडाक्याचं भांडण झालं, कारण भाऊ म्हणाले 'ओला पुठ्ठा', आणि शैलाताईंना ते पटेना. हवा लागली तर तो वास येतो, आणि हवा लागली असेल तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया. "तुम्हाला काय समजते त्यातलं!" त्या बोलून गेल्या. भाऊ बाहेर जाऊन गाडीत बसले. शैलाताई एकट्या टाकीपाशी उभ्या राहिल्या, पेला नाकाशी धरून, रिकामा श्वास घेत. थोड्या वेळाने त्या गाडीपाशी गेल्या. काच खाली झाली. "परत एकदा सांगा," त्या म्हणाल्या. "चिडू नका. सांगा." भाऊंनी परत येऊन परत हुंगलं, मग इकडेतिकडे पाहिलं. शेडच्या कोपऱ्यात पावसात भिजलेली खोकी रचून ठेवली होती. वास तिथून येत होता. खोकी बाहेर नेली. मग कितीतरी वेळ दोघं हसत होते असं मालकाने सांगितलं.

डिसेंबरमध्ये बिअर तयार झाली. मालकाने फळ्यावर नाव लिहिलं, 'गोतमारेज नोज'. भाऊंनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मायचं आडनाव दारूच्या फळ्यावर?" शैलाताई स्वतः गेल्या, ओल्या फडक्याने पहिला शब्द पुसला आणि तिथे 'द' लिहिलं. झालं 'द नोज'. भाऊंना ते चाललं. "नाक तं सगळ्यायलेच असते," ते म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी टॅपरूम भरलं होतं. डॅरेन संघाला घेऊन आला होता, मंडळातल्या त्या तिळगूळवाल्या बाई आल्या होत्या. शैलाताई कोपऱ्यात उभ्या राहून लोक पहिला घोट घेतात तेव्हाचे चेहरे बघत होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो. "ताई, झकास झालीय."

"तू तर शेजारी आहेस, तू म्हणशीलच," त्या म्हणाल्या. समोर एक अनोळखी म्हातारा बसला होता. त्याने घोट घेतला, थांबला, पेला दिव्याकडे धरून पाहिला आणि बाजूच्याला काहीतरी सांगायला लागला. हातवारे करून, लांबलचक. शैलाताईंनी माझा दंड धरला. "हे पाहिलं?" त्या हळूच म्हणाल्या. "गप्पा सुरू झाल्या."

पुढच्या वर्षी रेवाला बाळ झालं. शैलाताई निवृत्त झाल्या आणि दोघं व्हँकुव्हरला गेली. जाताना पिंपं त्यांनी टॅपरूमला देऊन टाकली, झेंडे ब्रॉसार्डच्या मंडळींनी मागून नेले. आमची शनिवारची सकाळ आणि रविवारची दुपार दोन्ही रिकाम्या झाल्या. शेजारी नवे लोक आले, चांगले आहेत, नमस्कार-चमत्कार होतो.

गेल्या वसंतात ऑफिसच्या कामासाठी व्हँकुव्हरला गेलो, तेव्हा एक दिवस त्यांच्याकडे जेवायला होतो. छोटा कॉन्डो, बाळाचे कपडे सगळीकडे वाळत टाकलेले. बेसमेंट नाही, त्यामुळे बिअर बनवणं बंद. वासाचं विचारलं. "थोडा थोडा येतो," त्या म्हणाल्या. "पण वेडावाकडा. कॉफी जळल्या रबरासारखी. बाळाच्या डोक्याला काहीच वास नाही. सगळे म्हणतात, बाळाच्या डोक्याला काय सुंदर वास येतो! मी म्हणते, हो ना." मग म्हणाल्या, "यंदा बचावफळी चांगली आहे आपली. पाहिलं का?" मी पाहिलं होतं. नव्या सीझनवर आम्ही जेवण संपेपर्यंत बोललो. रेवा मधेच म्हणाली, "आई, ओ माय गॉड, प्लीज स्टॉप," आणि भाऊंनी तिला आणखी भाजी वाढली.

संध्याकाळी दोघं मला ट्रेनच्या स्टेशनपर्यंत सोडायला आली. वाटेत ग्रोसरी घेतली, पिशव्या भाऊंच्या हातात. त्यांची बस खालच्या थांब्यावरून जायची, माझी ट्रेन वरून. निरोप घेऊन मी जिना चढलो आणि फलाटाच्या कठड्यापाशी येऊन खाली पाहिलं. थांब्यावर एक म्हातारा उभा होता. त्याच्या गळ्यातला मफलर शैलाताईंच्या पोट्ट्यांना वर्षानुवर्षं हरवत आलेल्या संघाच्या रंगांचा होता. शैलाताईंनी तो पाहिला, आणि त्या सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते वर ऐकू येत नव्हतं. म्हातारा आधी दचकला, मग त्याने मान मागे टाकून हसून काहीतरी उत्तर दिलं. शैलाताईंचे दोन्ही हात हवेत गेले.

बस आली. दार उघडलं. भाऊंनी एक पाय आत ठेवला आणि वळून पाहिलं. शैलाताई आणि म्हातारा, दोघांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. भाऊंनी ड्रायव्हरला काहीतरी सांगून पाय परत घेतला. बस गेली.

माझी ट्रेन फलाटाला लागली तेव्हा मी शेवटचं खाली पाहिलं. शैलाताई बोलतच होत्या, आणि भाऊंनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या होत्या.